सातवा गठ्ठा

महसूल कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला एक पद्धत शिकून घ्यावी लागते. तिचे नाव सहा गठ्ठे पद्धत. ब्रिटिश अमदानीतल्या अँडरसनच्या नियमपुस्तिकेमुळे ती महाराष्ट्रात रूढ झाली. टेबलावर चालू असलेली प्रकरणे एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तरासाठी अडलेली दुसऱ्यात, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात. निकाली निघालेले पण अभिलेख कक्षात धाडायचे कागद पाचव्यात आणि नष्ट करायचे ते सहाव्यात. शिवाय वर्गवारी आहेच. ‘अ’ म्हणजे कायम जपायचे, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे, ‘क’ म्हणजे त्याहून कमी, ‘ड’ म्हणजे वर्षभराने फाडायचे. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीचा आणि अभिलेख कक्षाचा कायापालट केला, त्याला ‘लखिना पॅटर्न’ असे नाव पडले.

ही शिस्त किती कचेऱ्यांत मनापासून पाळली जाते, हा वेगळा विषय. पण तिच्यात एक अट आहे, ती महत्त्वाची. कागद टेबलावरून उचलायचा, तर तो कुठे जाणार आणि किती काळ राहणार हे उचलणाऱ्याने तिथल्या तिथे ठरवले पाहिजे.

ईमेलने ही अट काढून टाकली आणि आपल्याला सातवा गठ्ठा बहाल केला. त्याचे नाव आर्काइव्ह.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली, कारण गूगल प्रत्येकाला फुकट एक जीबी जागा देऊ करत होते. त्या वेळी हॉटमेलवर दोन एमबी मिळत, याहूवर चार. तोवर ईमेल वापरणारा माणूस नाइलाजाने का होईना, शिस्तीचा होता. दोन-तीन फोटो आले की खाते तुडुंब भरे, आणि जुने पुसल्याशिवाय नवे येत नसे. जागेची टंचाई हीच त्याची नियमपुस्तिका होती. टंचाई संपली तशी नवी शिकवण आली: पुसू नका, बाजूला ठेवा, लागेल तेव्हा शोधून काढा.

बाजूला ठेवा म्हणजे नेमके कुठे? इथे बहुतेकांची फसगत होते. जीमेलमध्ये आर्काइव्ह नावाची वेगळी खोलीच नाही. प्रत्येक संदेशावर ‘इनबॉक्स’ ही एक चिठ्ठी असते. आर्काइव्ह केले की तेवढी चिठ्ठी निघते, संदेश जागचा हलत नाही. म्हणून तो डावीकडच्या यादीत ‘ऑल मेल’ उघडल्यावर दिसतो, इनबॉक्समधल्या इतर संदेशांच्या खांद्याला खांदा लावून. त्याला कुणी उत्तर दिले की चिठ्ठी पुन्हा चिकटते आणि तो इनबॉक्समध्ये परततो. पुसलेला संदेश मात्र कचरापेटीत तीस दिवस थांबून कायमचा जातो. आउटलुकचा संसार निराळा. तिथे आर्काइव्ह नावाचा खराखुरा फोल्डर असतो. शिवाय जुन्या आउटलुकमध्ये ऑटोआर्काइव्ह नावाची सोय होती. ती जुने संदेश उचलून त्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये भरून ठेवी. संगणक भंगारात गेला की त्या फाइलबरोबर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहारही जाई, आणि मालकाला त्याचा पत्ता पुढे कधीतरी लागे.

म्हणजे एकाच शब्दाखाली तीन निरनिराळे व्यवहार चालतात, आणि वापरणाऱ्याला मात्र एकच गोष्ट कळलेली असते: समोरून गेले. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये तर मूळ मांडणीत संदेशावरून बोट आडवे फिरवले तरी तो आर्काइव्ह होतो. बसमध्ये उभ्या उभ्या अंगठा सरकतो आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाची पावती सातव्या गठ्ठ्यात जाऊन पडते. ठरवले कुणीच नाही, तरी झाले.

यावरचे उत्तर तयार असते: बिघडले काय? शोधले की सापडते. हे उत्तर अर्धे खरे आहे. शोधखिडकी आर्काइव्हमध्येही पाहते. पाठवणारा, तारखांची मर्यादा, जोडपत्र आहे की नाही, संदेश किती मोठा, अशा चाळण्या लावता येतात. एवढे ज्याला जमते, त्याचे पुष्कळसे काम भागते. पण शोध चालतो तो आठवणीवर. कुणी पाठवले, साधारण केव्हा, कोणत्या शब्दांत, यातले काहीतरी आपल्याला आठवावे लागते. कपाटासमोर उभे राहिले की न आठवणारी वस्तूही नजरेस पडते. शोधखिडकी मात्र विचारल्याखेरीज काही दाखवत नाही. जे तुमच्याकडे आहे हेच तुम्ही विसरलात, ते तुम्ही शोधणार तरी कशाला?

मराठी माणसाची अडचण आणखी एक पायरी पुढची आहे. आपला पत्रव्यवहार एका लिपीत नसतो. धाकटा भाऊ रोमन अक्षरांत मराठी लिहितो, आणि ‘जमीन’ तो कधी एका ‘ई’ने लिहितो, कधी दोन. वकील इंग्रजीत लिहितात. मामा देवनागरीत लिहितात. एकाच जमिनीची तीन पत्रे एकाच खात्यात पडलेली असतात आणि देवनागरीत ‘जमीन’ शोधले तर मामांचेच पत्र वर येते. तेही नशीब असेल तर, कारण मामांनी ‘जमिनीचा’ लिहिले असण्याचा संभव जास्त. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे अंगच बदलते, ‘घर’चे ‘घराला’ होते, ‘पाणी’चे ‘पाण्याचा’. अख्खा शब्द जुळवून पाहणाऱ्या शोधाला ही नाती कशी कळावीत? युनिकोड रुळण्यापूर्वीच्या जोडपत्रांची तर गोष्टच सोडा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास असते. त्यात ‘मृत्युपत्र’ हा शब्द असूनही नाही.

असणे आणि सापडणे यांतली ही फट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद जपले गेले, पण इतिहास म्हणून वापरता येण्यासाठी ते कुणीतरी सोडून, वाचून, निवडून, छापावे लागले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादित केले, तेव्हा कुठे त्या साठ्याच्या काही भागाला दार मिळाले. उरलेला भाग अजूनही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहतो. तिथे निदान रुमालावर विषयाची आणि काळाची काही खूण तरी होती. आपल्या ‘ऑल मेल’वर तारखेपलीकडे कसलीच खूण नसते.

कुणी म्हणेल, घरच्या खात्याला कचेरीचे नियम कशाला? पेशव्यांचे दप्तर कुठे आणि आमची वीजबिले कुठे! ही शंका रास्त आहे. प्रत्येक संदेशावर ‘अ’ की ‘ड’ लिहीत बसलो तर आयुष्य कारकुनीत जाईल. सातवा गठ्ठा मुळात जन्मला तो याच जाचातून सुटका म्हणून, आणि ती सुटका खोटी नाही. दिवसाला पन्नास संदेश येत असतील, तर त्यांतले चाळीस नजरेआड होणे हेच सुख. जागेचा प्रश्नही आज बिकट नाही. गूगलचे पंधरा जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून मोजले जातात, आणि ते भरत आले की मोठी जोडपत्रे असलेले जुने संदेश शोधून पुसले तरी पुष्कळ जागा मोकळी होते.

पण खर्च जागेचा नाहीच. आपण ‘ठेवले’ असे म्हणतो तेव्हा ठेवण्यामागचा विचार केलेला असतो असे गृहीत धरतो, आणि तो विचारच झालेला नसतो. त्याची किंमत बहुधा आपल्याऐवजी मागे राहणारे मोजतात. विम्याची कागदपत्रे, बँकेचे नामनिर्देशन, गावच्या घराच्या वाटणीची पत्रे आता ईमेलमध्येच असतात. घरातला माणूस गेला की मुलांच्या हाती येतो एक कुलूपबंद ढीग. गूगलने २०१३ मध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था ठरवण्याची सोय आणली. खाते अमुक महिने पडून राहिले तर कुणाला कळवायचे आणि काय द्यायचे, हे मालकाला आधीच सांगून ठेवता येते. दुसरीकडे, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण २०२३ अखेरपासून लागू झाले. म्हणजे आपण टाळलेला निर्णय कुणीतरी घेतोच. आपण नाही घेतला, तर कंपनीचा नियम घेतो.

उपाय साधा आहे आणि तो सगळ्या ढिगाला लावण्याची गरज नाही. शंभरांत पाच संदेश खरे ‘अ’ वर्गाचे असतात. तेवढ्यांना आर्काइव्ह करण्याआधी लेबल लावावे, किंवा तो संदेश स्वतःलाच पुढे पाठवून विषयाच्या ओळीत देवनागरीत आणि रोमनमध्ये तो कशाचा आहे ते लिहावे. दहा वर्षांनी आपण, किंवा आपली मुलगी, शोधखिडकीत जो शब्द टाकेल तोच शब्द तिथे हवा. उरलेले पंच्याण्णव खुशाल सातव्या गठ्ठ्यात जाऊ द्यावेत. ते कधी सापडले नाहीत तरी कुणाचे काही अडत नाही, आणि म्हणूनच ते ‘जपले’ आहेत असे म्हणू नये. यंत्राची स्मृती अमर्याद झाली म्हणून निवड करण्याचे काम संपलेले नाही. ते फक्त ऐच्छिक झाले आहे, आणि ऐच्छिक काम आधी मागे पडते ते सर्वात जरुरीच्या कागदांचे.