वाटीतले बगळे

काल दुपारी बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि सागिसोची कुंडी त्यावर उपडी केली. तोक्योत फेब्रुवारी सरत आला की माझं हे काम ठरलेलं. ओलसर शेवाळ बोटांनी हलकेच सोडवत गेले तसे पांढुरके कंद हाताला लागू लागले. मोठ्यात मोठा वाटाण्याएवढा, काही तर तुरीच्या दाण्याएवढेच. गेल्या वर्षी ५ लावले होते. वाटीत मोजले तर ११ भरले.

सागिसो म्हणजे बगळ्याचं फूल. जपान, कोरिया, चीनमधल्या दलदलीच्या गवतात उगवणारी ही चिमुकली आमरी, म्हणजे ऑर्किड. झाडावर नाही, जमिनीत वाढणारी. गवतासारखी अरुंद पानं, वीत-दीड वीत उंचीचा दांडा आणि ऐन ऑगस्टात त्यावर एखाद-दोन पांढरीशुभ्र फुलं. फूल जेमतेम ३ सेंटिमीटरचं, पण त्याच्या खालच्या पाकळीच्या दोन्ही बाजू अशा बारीक चिरलेल्या, की पंख पसरून उतरणारा बगळाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नकळत माझी बोटं पुढे झाली. लहानपणी बगळ्यांची रांग डोक्यावरून गेली की आम्ही नखं पुढे करून त्यांच्याकडे कवडी मागायचो आणि नखावर पांढरा ठिपका उमटलाय का, ते दिवसभर बघायचो.

मी राहते त्या सेतागाया वॉर्डाचं हे मानाचं फूल. इथली दंतकथा सांगते, की किल्ल्यातल्या तोकिवा नावाच्या स्त्रीवर खोटा आळ आला. तिने आपल्या बगळ्याच्या पायाला चिठ्ठी बांधून त्याला माहेरी धाडलं. वाटेत बाण लागून तो पडला आणि पडला तिथे ही फुलं उगवली.

लागवड साधी आहे. उथळ कुंडी, मिझुगोके म्हणजे दलदलीतलं सुकवलेलं शेवाळ, भरपूर ऊन, आणि पाणी मात्र कधी तुटू द्यायचं नाही. खत अगदी नावापुरतं. हिवाळ्यात पानं वाळली की कुंडी रिकामी दिसते, तेव्हाही शेवाळ कोरडं पडता कामा नये आणि गोठताही कामा नये.

पण दरवर्षी कुंडी उपडी करताना मी थबकते ती एका गोष्टीपाशी. आपण लावलेला कंद परत मिळत नाही. तो सगळा फुलात आणि पानांत खर्ची पडतो, उरतं ते सुरकुतलेलं साल. उन्हाळ्यात त्याने बाजूला पांढरे दोरे सोडलेले असतात, त्यांच्या टोकांशी हे नवे कंद धरतात. म्हणजे सात वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी कागदात बांधून दिलेल्या तीन कंदांपैकी आज माझ्याकडे एकही नाही, तरी झाड त्यांचंच आहे. आईच्या घरचं विरजण असंच. कालचं दही आज नसतं, पण दही तेच.

विरजण जसं आपलं संपलं तर शेजारी मिळतं, तसंच या रोपाचं. घरोघरी वाटलं गेलं म्हणून ते टिकलं. जपानच्या पाणथळ जागा बुजत गेल्या, लोकांनी रोपं खणूनही नेली, आणि रानातला सागिसो आज धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून रानातला कंद मला फुकट मिळाला तरी नको.

वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ सागिसोला हबेनारिया या आमरींच्या गटातच मोजत. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणाऱ्या हबेनारिया या तिच्या चुलत बहिणीच. त्या पाहिल्या की कुणालाही वाटावं, एक कंद न्यावा घरी. नेऊ नये. आमरीचं बी धुळीसारखं, त्यात कोंबापुरतीही शिदोरी नसते. रानात मातीतली बुरशी त्याला भरवते तेव्हाच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे १८९९ मध्ये उमगलं. ती माती, ती बुरशी, ते कातळावरचं पाणी पिशवीत घालून आणता येत नाही.

अकरांतले पाच आज परत लावले, टोक वर करून. उरलेले सहा ओल्या शेवाळात गुंडाळून ठेवलेत. वरच्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी नव्याने राहायला आलीय. परवा ती वाटी घेऊन विरजण मागायला आली होती. वाटी अजून माझ्याकडेच आहे. ती रिकामी कशी पाठवायची?