कोवळ्या रोपांची राखण

(करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय २, वचनें १४ ते १६ वाचावीं.)



गोंदिया जिल्हा हा धानाचा, तलावांचा आणि रानाचा मुलूख आहे. १ मे १९९९ रोजीं तो भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु येथील रानें जिल्ह्यांच्या सीमांहून पुष्कळ जुनीं आहेत. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें, नवेगांव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं तीं दोन्हीं व्याघ्रप्रकल्पांत आलीं. रान राखिलें म्हणजे चितळ, रोही आणि रानडुकरेंहि राखिलीं जातात. त्यांची व आमची शीव एकच आहे. रात्रीं चितळ येतें, दिवसा गांवची शेळी येते, आणि धान कापल्यावर गुरें मोकळीं सुटतात. अशा मुलखांत झाड लावणें सोपें, परंतु वाढविणें कठीण.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं प्रार्थनामंदिराच्या आवारांत आंब्याचीं बारा कलमें लाविलीं. प्रार्थना केली, गीत गाइलें आणि घरीं गेलों. आठ दिवसांच्या आंत सात कलमांचे शेंडे नाहींसे झाले. शेळ्या शेजारच्या एका वृद्ध विधवेच्या होत्या. आम्ही रागावलों, तिला कठोर शब्दांत निरोप पाठविला, शेळ्या कोंडवाड्यांत घालण्याची भाषाहि आमच्या तोंडून निघाली. ज्यांनीं प्रीतीचा उपदेश करावा त्यांचेंच तोंड असें कडू झालें, हें आम्ही येथें कबूल करितों.

दुसऱ्या दिवशीं ती बाई स्वतः बादली घेऊन आली. ती आमच्या मंडळींतली नव्हे. ती म्हणाली, "मास्तर, शेरीच्या लेंड्या पान्यांत भिजवा अन् पानाले लावा. आपल्या घानीचा चारा जनावर खात नाई." इतकें बोलून तिनें आपल्या हातानें एकेका कलमास तें पाणी शिंपडलें. आम्ही लाजलों. जिला आम्हीं शत्रु मानिलें तिच्याच हातून देवानें आम्हांस उपाय पाठविला.

तिचें बोलणें खरें आहे. गुरें शेणानें माखलेलें गवत सोडून चरतात, हें प्रत्येक गुराख्यानें पाहिलें आहे. असे आणखीहि उपाय आहेत. सडलेलीं अंडीं पाण्यांत फेटून शिंपडल्यास गंधकाचा उग्र वास सुटतो. मांस कुजल्याच्या वासाशीं त्याचें साम्य असल्यामुळें हरणाच्या जातीचीं जनावरें भिऊन दूर राहतात, असें जाणते सांगतात. निंबोळीचें तेल साबणाच्या पाण्यांत घोळून शिंपडावें, म्हणजे तें पाण्याशीं मिसळतें. मात्र भर उन्हांत नव्हे, सायंकाळीं, नाहींतर पानें करपतात. कुंपणास निरगुडी लावावी. तिच्या उग्र वासाच्या पाल्यास शेळी सहसा तोंड लावीत नाहीं.

बंधूंनो, ह्या बादलीभर पाण्यांत आम्हांस तीन धडे सांपडले.

पहिला हा कीं, खरी राखण कोणाचा जीव घेत नाहीं. कित्येक लोक शेताभोंवतीं तारेंत वीज सोडितात. ती तार डुकरास मारिते, वाघास मारिते, आणि अंधारांत पाणी द्यावयास निघालेल्या शेजाऱ्यासहि मारिते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें चितळाची शिकार हा अपराध आहे. परंतु कायदा नसता तरी तें देवाचेंच जनावर आहे. वासानें शेळी परत फिरते, जिवंत राहते, आणि विधवेची चूलहि पेटती राहते.

दुसरा हा कीं, राखण रोज नवी करावी लागते. एक मोठी सर आली कीं वास धुऊन जातो. शिवाय काल शिंपडलेलें पाणी आज फुटलेल्या कोंवळ्या पानास राखीत नाहीं. आणि जनावर त्यासच आधीं तोंड घालितें. उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींतील मुलांकडे पाहा. बाप्तिस्म्याच्या दिवशीं केलेली प्रार्थना त्या दिवसाच्या पानांसाठीं होती. मूल शहरांत कामास गेलें, हातीं पैसा आला, दारूची संगत लागली, हीं नवीं पानें आहेत. त्यांवर आज कोण शिंपडतो? वैशाखांत चारा संपला म्हणजे भुकेलें जनावर वासासहि जुमानीत नाहीं. तेव्हां वासाबरोबर कांट्यांचें कुंपणहि पाहिजे. तसेंच परीक्षेच्या काळीं उपदेशाबरोबर मंडळीची सोबत पाहिजे.

तिसरा धडा पौल प्रेषिताचा आहे. तो विश्वासणाऱ्यांस ख्रिस्ताचा सुगंध म्हणतो, आणि तोच गंध एकास जीवनाचा व दुसऱ्यास मरणाचा वाटतो असें शिकवितो. जो वास शेळीस नकोसा, तोच रोपास जीवन देतो. खोटी साक्ष द्यावयास नकार दिला, लग्नांत दारू वाटली नाहीं, तर कित्येकांस आपला वास सोसणार नाहीं. त्याचें भय नको. परंतु तो वास ख्रिस्ताचा आहे कीं आपल्या अहंकाराचा, हें आधीं तपासावें. आमच्या क्रोधाचाहि एक वास होता. त्यानें शेळी हटली नसती. शेजारीण मात्र कायमची दुरावली असती.

त्या सात कलमांपैकीं चारांस सांध्याच्या वरून पुन्हा धुमारे फुटले, तीन वाळलीं. आम्ही अजून दर सरीनंतर बादली भरितों. शेंडा शेळीच्या तोंडापलीकडे गेला म्हणजे ह्या घाणीची गरज उरणार नाहीं, कारण आपणांस वास नव्हे, झाड पाहिजे. आणि पहिला आंबा कोणाच्या घरीं जावयाचा, हें मंडळीनें ठरवून ठेविलें आहे.

प्रभु आपणां सर्वांस आपल्या कोंवळ्या रोपांची राखण प्रीतीनें करावयास शिकवो. आमेन.