हात आत गेलाच कशाला?

औद्योगिक सुरक्षेवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या एका सल्लागार महाशयांनी यंदा एका परिसंवादात छातीठोकपणे सांगितलं, की कारखान्यांतले शंभरातले ८८ अपघात कामगारांच्याच चुकीने होतात. पडद्यावर आकडा झळकला, समोरच्या कारखानदारांनी माना डोलावल्या. हा आकडा कुठला, असं मी उठून विचारलं. ‘जगभर मान्य आहे,’ एवढं उत्तर मिळालं आणि चहाची सुट्टी झाली. परिसंवादात वेळ कमी असतो. दिवाळी अंकात तशी अडचण नाही.

आकडा १९३१चा आहे. हर्बर्ट हाइनरिख हा अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स विमा कंपनीचा नोकर. विमादाव्यांच्या फायली आणि कारखानदारांकडच्या नोंदी अशी ७५ हजार प्रकरणं चाळून त्याने वाटणी केली: ८८ टक्के माणसाची असुरक्षित कृती, १० टक्के असुरक्षित परिस्थिती, उरलेले २ टक्के अटळ. जिथे दोन्ही कारणं होती तिथेही त्याने एकच धरलं. आणि कारखान्यातल्या नोंदी कोणी लिहिल्या होत्या? मालकाच्या माणसांनी. सासूच्या डायरीवरून सुनेचा स्वभाव ठरवण्यातलाच हा प्रकार. मूळ फायली तर पुढे कुणाला तपासायलाही मिळाल्या नाहीत. गंमत अशी, की खुद्द हाइनरिख यंत्रांना गार्ड बसवा म्हणून आग्रही होता. त्याचा आकडा मिरवणारे नेमकं ते पान वगळतात.

आमच्याकडे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग पॉवर प्रेसवर निघतात. तिथल्या अपघाताचा अहवाल साधारण एका ओळीत आटपतो: सूचना देऊनही कामगाराने डायमध्ये हात घातला. उपाय: कामगारास समज दिली. बोट गेलेल्या माणसाला समज! आता त्या ओळीला पूर्णविराम न देता पुढे विचारत जा. हात आत गेलाच कशाला? जॉब अडकला होता. चिमटा नव्हता? होता, पण चिमट्याने काढत बसलं तर तासाचा आकडा भरत नाही. मग पॅडल न दाबता रॅम खाली आला कसा? क्लचची स्प्रिंग ढिली पडली होती, प्रेस चार दिवस डबल मारत होता. मेकॅनिकला माहीत होतं. सुपरवायझरलाही होतं, पण प्रेस उभा करायला वरची सही लागते आणि माल संध्याकाळच्या गाडीने जायचा होता. दोन्ही हात गुंतवून ठेवणारी बटणं? बसवली होती, वेग पडतो म्हणून काढून पुन्हा पॅडल जोडलं. म्हणजे हात आत जायच्या आधी निदान तीन निर्णय झाले होते, आणि त्यातला एकही बोट गमावणाऱ्याचा नव्हता. खंडेनवमीला याच प्रेसला झेंडूची माळ पडते. ४ मार्चला सुरक्षा दिन येतो, घोषवाक्य स्पर्धा होते, बक्षीस म्हणून डबा मिळतो. स्प्रिंग तीच राहते.

इथे सल्लागार महाशयांचा हुकमी एक्का निघतो: ‘आणि कामगाराने मुद्दाम केलं असेल तर?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण भोपाळमध्ये युनियन कार्बाइडने नेमका तोच पुढे केला. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. कंपनीचं म्हणणं असं, की कुणा असंतुष्ट कामगाराने ते जाणूनबुजून सोडलं. कार्बाइडवर टीका करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे खोडून काढण्यात शक्ती घालवली. माझ्या मते ते कंपनीच्या अंगणात जाऊन खेळले. घटकाभर धरून चालू, की कंपनी खरं बोलत होती. मग टाकीत चाळीसेक टन मिथिल आयसोसायनेट साठवून कशाला ठेवलं होतं? ते थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद का होती? निसटलेला वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत का नव्हता? वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरच्या नळीचा तुकडा काढून ठेवला होता, तो परत बसवला का नाही? एका माणसाच्या हातातल्या पाण्याच्या नळीने शहर मरत असेल, तर त्या माणसाचा हेतू हा चौकशीतला सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न ठरतो. पोलिसांना तो हवा असेल. पुढची टाकी बांधणाऱ्या इंजिनिअरला त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रिटिश रसायन-अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ याने भोपाळच्या आधीपासून कंठशोष करून सांगितलं होतं, की जे साठवलंच नाही ते गळणार नाही. घातक माल कमी ठेवा, हा त्याचा उपाय खलनायक सापडो न सापडो, लागू पडतो.

इथवर कामगार चळवळीतले मित्र टाळ्या देतील. पुढचं त्यांना रुचणार नाही. अपघात झाला की आपली पहिली मागणी असते, मालकाला अटक करा. पण आपल्याकडे कारखाना निरीक्षक चौकशीही करतो आणि खटलाही तोच भरतो. त्याच्यासमोर मेकॅनिक ढिल्या स्प्रिंगबद्दल बोलेल कशाला? मॅनेजर तर वकिलाला विचारून श्वास घेतो. विमान अपघातांच्या चौकशीत हे दोन रस्ते वेगळे ठेवले आहेत. शिकागो कराराचं परिशिष्ट १३ सांगतं, की चौकशी पुढचे अपघात टाळण्यासाठी, दोष वाटण्यासाठी नाही. कारखान्यातही तसंच हवं, या मताकडे मी आता झुकलो आहे. खटला चालू द्या, पण दुसऱ्या खात्याकडून आणि दुसऱ्या पुराव्यावर. आणि चौकशीचा अहवाल मराठीत, हिंदीत छापून त्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेडमध्ये लावा.

यातही एक पाचर आहे. विमानाच्या वैमानिकाला नोकरी असते, संघटना असते. प्रेसवरचा पोरगा ठेकेदाराचा असतो. चौकशीला माणूस येईपर्यंत तो पट्टी बांधून बिहारच्या किंवा नांदेडच्या गाडीत बसलेला असतो. किरकोळ इजा असेल तर त्याला नुसतं गेटवर बसवून हजेरी लावतात, म्हणजे ४८ तास किंवा त्याहून जास्त गैरहजेरी दिसत नाही आणि कायद्याने द्यायची सूचनाही टळते. तेव्हा कुठलंही परिशिष्ट आणण्याआधी नियम एवढाच करा: जबाब पुरा होईपर्यंत त्याचा पगार आणि राहण्याची सोय मूळ कंपनीकडे, ठेकेदाराकडे नाही. खर्च कोणी उचलायचा, हे सल्लागार महाशयांनी पुढच्या परिसंवादात कारखानदारांनाच विचारावं. चहाच्या आधी.