वाऱ्याची वाट

खडकवासल्याच्या धरणातून निघालेला उजवा कालवा पुणे ओलांडून दौंड-इंदापूरकडे जातो. त्या कालव्याच्या पाण्यावर दोन भावांची शेती होती. वडिलांमागे वाटण्या झाल्या. द्राक्षांचा जुना मांडव थोरल्याकडे आला. धाकट्याने आपल्या वाट्यात नवी बाग लावली, ती वाय पद्धतीवर. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन त्याने सगळं विचारून घेतलं होतं.

मांडवावर वेली डोक्यावर आडव्या पसरतात. घडांना सावली मिळते, मालही भरपूर येतो. पण पाला दाट झाला की खाली दमट अंधार साठतो. वायच्या दोन तिरप्या हातांवर काड्या वर चढतात. मधून वारा खेळतो, पाऊस पडून गेला की पान लवकर सुकतं आणि फवारा पानाच्या खालच्या अंगालाही लागतो.

"दादा, आता रोग राहील तो तुझ्या मांडवाखाली," धाकटा म्हणाला.

थोरला काही बोलला नाही.

ऑक्टोबरात दोघांनी फळछाटणी केली. फुटी निघाल्या. थोरल्याने विरळणीला बायका लावल्या. त्यांतली एक म्हातारी मावशी मांडवाखाली उभी राही आणि आधी जमिनीकडे बघे. जिथे उन्हाचे कवडसे पडलेले नसत, तिथली आणखी एक वांझ फूट ती काढी. थोरल्याने तिला कधी घाई केली नाही.

धाकट्याने ती मजुरी वाचवली. वाय आहे, हवा खेळतेच, असं तो म्हणे. फुटी जास्त राहिल्या तर घडही जास्त मिळतील, असा त्याचा हिशोब होता. बघता बघता काड्या एकमेकींत गुंतल्या.

बाग फुलोऱ्यात आली आणि अवकाळी पाऊस झाला. ढग हटेनात. धाकट्याच्या बागेत पानांवर तेलकट डाग दिसले. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. हा डाऊनी रोग घडांत शिरला. त्याने फवारण्या वाढवल्या, पण औषध बाहेरच्या पानांवरच राहिलं. पाऊस गेल्यावर आतल्या सावलीत भुरी आली. तिला पान ओलं असावं लागत नाही. मांडवातही डाग पडले, पण थोडे, आणि वेळेत नजरेस आले.

धाकट्याने मावशीला बोलावून आणलं. ती ओळीत शिरली, वाकून आरपार पाहू लागली.

"पलीकडची ओळ दिसत नाही, दादा. मग वारं कुठनं येणार?"

एवढंच बोलून ती कामाला लागली. बराच माल गेला होता. उरलेला हाती लागला.

मांडव असो की वाय, सांगाडा वेलीला जागा देतो. ती मोकळी हातांनीच ठेवावी लागते, आणि तेही दर छाटणीनंतर नव्याने.

पुढच्या वर्षी धाकट्याने औषधं आणण्याआधी विरळणीची मजुरी बाजूला काढली.