हात केला, पण थांबलो नाही



आजचं चिंतन: श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय २९, श्लोक १६.

श्रीकृष्ण उद्धवाला अखेरचा उपदेश करताहेत. या श्लोकाचा भावार्थ माझ्या शब्दांत असा: आपलीच माणसं हसत असतील तर हसू देत, देहाची लाज बाजूला ठेव, आणि कुत्रा, गाय, गाढव, समाजानं ज्याला सर्वांत खाली बसवलं तो माणूस, या सगळ्यांना जमिनीवर लोटांगण घाल.

इतकी वर्षं मी हा श्लोक वाचायचो आणि ‘हो, सगळ्यांत देव आहे’ म्हणून पान उलटायचो. गेल्या ऑक्टोबरमध्ये घरी, जालन्याला गेलो होतो, तेव्हा तो पहिल्यांदा मला लागला.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी बुलेट घेतली. रविवारच्या राईड सुरू झाल्या आणि त्यांच्यासोबत नमस्काराची एक नवी पद्धत शिकलो. समोरून दुसरा रायडर आला की डावा हात खाली सोडायचा, दोन बोटं रस्त्याकडे. अर्थ असा की तुझी दोन्ही चाकं जमिनीवर राहू देत, सुखरूप पोच. पद्धत मूळची अमेरिका-युरोपातली. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून समोरचा आपल्या डाव्या हाताला येतो. आपल्याकडे तो उजवीकडून येतो, आणि उजवा हात तर ॲक्सिलरेटरवर! ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तिथले रायडर बहुतेक वेळा नुसती मान हलवतात. आम्ही मात्र व्हिडिओत बघितलं तसंच करायचो. तेही कुणालाही नाही हं. समोरची गाडी मोठी हवी, अंगात जॅकेट हवं. दुधाचे कॅन लावलेल्या स्प्लेंडरला आमच्यापैकी कुणी कधी हात केला नाही.

बाबांचं उलटं. लहानपणी त्यांच्या गाडीच्या टाकीवर बसून मी अंबडला आत्याकडे जायचो. समोरून सायकल येवो, बैलगाडी येवो, ट्रॅक्टर येवो, बाबांचा राम राम ठरलेला. समोरून ‘जय हरी’ आलं तर जय हरी, ‘जय भीम’ आलं तर जय भीम, ‘सलाम’ आलं तर सलाम. मी विचारायचो, “कोण होतं हो?”

“काय माहीत.”

“मग राम राम कशाला घातला?”

“समोरून आला ना.”

कॉलेजात गेल्यावर मला याची इतकी लाज वाटायला लागली की मी त्यांच्या मागं बसणंच सोडलं.

तर ऑक्टोबरची गोष्ट. पुण्याचे चार मित्र आले होते. ठरलं, जांबला जायचं, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, राममंदिरात दर्शन घ्यायचं. पाच बुलेट निघाल्या. अंबड सोडून घनसावंगीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, वर ऑक्टोबरचं ऊन. समोर रस्त्याच्या कडेला एक काका जुन्या गाडीजवळ उभे दिसले. त्यांनी हात वर केला. मी खुशीत होतो. म्हटलं, बघा, आमच्या जालन्याची माणसं कशी प्रेमळ! मीही हात केला, तोच, दोन बोटांचा. आणि पुढे गेलो.

दोनेक किलोमीटरवर चहाला थांबलो. एक मित्र म्हणाला, “अरे, ते काका राम राम घालत होते की थांब म्हणत होते?” सगळे हसले. मीही हसलो.

पण मला तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडे ‘हात करणं’ म्हणजे काय, हे मला नव्यानं कुणी सांगायची गरज नव्हती. हात केला की एसटीसुद्धा थांबते. उठून परत जायला पाच मिनिटं लागली असती. मी उठलो नाही. का? कारण मित्र हसत होते आणि मला त्या हसण्याच्या बाहेर पडायचं नव्हतं. मी दुसरा चहा सांगितला.

पाऊण तासानं काका आले. पंक्चर गाडी ढकलत, मागं मोसंबीचं पोतं बांधलेलं, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी चालत. मला ओळखून म्हणाले, “राम राम दादा.”

मी म्हणालो, “काका, माफ करा, मला वाटलं तुम्ही...”

“असू द्या हो. तुम्ही हात तरी केला.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अजून बोचतं. आमच्या पाच गाड्या आणि पाच रिकाम्या मागच्या सीट होत्या. ती मुलगी एवढ्या उन्हात चालली.

रात्री श्लोक पुन्हा काढला. एक गोष्ट आजवर माझ्या नजरेतून सुटली होती. भगवंत नमस्काराचं नंतर सांगतात, आधी सांगतात ते हसणाऱ्या आपल्या माणसांचं. मला वाटायचं, नमस्काराच्या आड माझा अहंकार येतो. त्या दिवशी आड आला तो माझा ग्रुप.

मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणाला, “सगळ्यांनाच हात करायचा तर त्या हाताला किंमत काय? रायडर रायडरला हात करतो कारण दोघांची जोखीम सारखी असते.” मुद्दा खोटा नाही. पण जोखमीचंच बोलायचं तर त्या काकांचीही दोनच चाकं, रस्ता तोच, खड्डे तेच. वर जॅकेट नाही, हेल्मेट नाही. मग आम्ही नमस्कार जोखमीला करत होतो की गाडीच्या किमतीला? फक्त आपल्यासारख्यालाच केलेला नमस्कार म्हणजे आरशासमोर जोडलेले हात. वारीत दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, ‘माऊली’ म्हणतात. वय, जात, गाव, काही न विचारता.

याच एकादश स्कंधावर नाथांनी टीका लिहिली, १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. आणि परंपरा सांगते की रामेश्वराला वाहायला आणलेलं गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. श्लोकातलं गाढव आठवतंय ना? नाथ त्याच्यासाठी थांबले. मला वाटतं, त्यांचा दंडवत तोच होता. नमस्कार म्हणजे ‘गरज पडली तर मी तुझ्यासाठी थांबेन’ असा शब्द देणं. तो शब्द पाळायचा नसेल तर हात नुसता हवेत हलतो.

आपल्या रस्त्यांवर असा नमस्कार रोज घडतो, आपण त्याला नमस्कार म्हणत नाही एवढंच. ‘दादा, स्टँड वर घ्या’, ‘ताई, ओढणी चाकात जातेय’ असं ओरडून सांगणारे. रात्री समोरून गाडी आली की डिपर देणारे. पेट्रोल संपलेल्याची गाडी स्वतःच्या गाडीवरून पाय लावून पंपापर्यंत नेणारे.

प्रत्येक ठिकाणी थांबता येतंच असं नाही. अंधार आहे, तुम्ही एकट्या आहात, मनाला शंका येते, तर थांबू नका. पुढं सुरक्षित जागी जाऊन ११२ ला फोन करा. अपघात दिसला तर १०८ आहे. आणि ‘पोलिसांचं लचांड मागं लागेल’ हे कारण आता उरलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, जखमीला सद्भावनेनं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

आजचा संकल्प: रस्त्यात कुणी हात केला तर आधी वेग कमी करीन, मग ठरवीन.

परवा फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पोरीला पाणी तरी दिलंस का?”

दिलं होतं. पण पाऊण तास उशिरा.

राम कृष्ण हरी.