राखण आणि पाळत

जानेवारी २०२२. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या वाळूत अंडी घालून एक ऑलिव्ह रिडले मादी समुद्राकडे परत निघाली होती. तिच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र बसवण्यात आलं. पश्चिम किनाऱ्यावर असा माग ठेवलेली ती पहिली, म्हणून नाव ‘प्रथमा’. कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचं ते काम. श्वास घ्यायला ती पाण्यावर आली की तिचा पत्ता लागायचा. तो कोण पाहतं, कशासाठी पाहतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वेळासला अशी नजर नवी नव्हती. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची घरटी राखली. म्हणून पाहणं मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. त्याची नजर गावावर असते, पण त्याची जागाही गावाला माहीत असते. काही बिनसलं तर तिथे जाऊन गाऱ्हाणं घालता येतं. ज्याच्यापुढे गाऱ्हाणं घालता येतं त्याचं पाहणं ही राखण. ज्याच्यापुढे घालता येत नाही त्याचं पाहणं ही पाळत. गेल्या काही वर्षांत आपल्या खिशातल्या फोनने जे आणलं आहे, ते या कसोटीवर तपासायला हवं.

बायांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरची ओळखतपासणी, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा मी तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात बराच वेळ बसलो होतो. वाड्यांवरून एसटीने उतरलेल्या बाया, हातात आधारच्या झेरॉक्स. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागत होता. नवरा चाकरमानी, ओटीपी जायचा मुंबईला त्याच्या फोनवर. तो कामावर, फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. तेवढ्यात पडद्यावर एक चौकोन आला. शेजारच्या काकींनी विचारलं, “दादा, ह्यात काय लिहिलंय?” केंद्रातला मुलगा म्हणाला, “काही नाही काकी, मी सहमत आहे असं आहे,” आणि त्यानेच टिचकी मारली. त्याचा दोष नाही. त्याच्यामागे वीसजणी उभ्या होत्या. पण कायद्याच्या भाषेत त्या क्षणी काकींनी संमती दिली होती.

प्रथमाला कुणी विचारलं नव्हतं, विचारता येणारच नव्हतं. म्हणून तिच्या भल्याबुऱ्याची सगळी जबाबदारी पाहणाऱ्यांवर राहिली. काकींना ‘विचारलं’, आणि जबाबदारी काकींच्या पदरात पडली. आजच्या तंत्रज्ञान-धोरणातली मोठी फसगत इथे आहे. संमती हे नागरिकाचं कवच म्हणून आणलं आणि ते कंपनीच्या व सरकारच्या हातातली पावती होऊन बसलं. नाही म्हटलं तर दीड हजार रुपये बुडणार, असं असताना दिलेल्या होकाराला संमती कसं म्हणायचं?

बड्या कंपन्यांनीही हेच केलं. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या; पटल्या नाहीत तर ॲप सोडण्यावाचून मार्ग ठेवला नाही. ज्या गावांत ग्रामपंचायतीची सूचना, शाळेचा निरोप आणि मुंबईहून येणाऱ्या मुलाचा फोटो हे सगळं त्याच एका ॲपवर येतं, तिथे ते सोडायचं म्हणजे वाळीत जायचं. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला तो नेमक्या या सक्तीबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण पर्याय नसताना घेतलेला होकार हा दांडगाईचा प्रकार आहे, हे एका सरकारी संस्थेने लिहून ठेवलं.

त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याला धरून २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. तो वाचताना मन खट्टू होतं. माहिती फुटली तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारजमा. जिची माहिती फुटली तिला त्यातून भरपाई नाही. सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा नागरिकाच्या संरक्षणाची मुख्य कलमं अठरा महिने पुढे ढकलली गेली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये याच कायद्याने केलेला बदल मात्र तात्काळ लागू झाला. सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती उघड करण्याची जी तरतूद त्या कलमातच होती, ती काढली गेली. माहिती अधिकारासाठी महाराष्ट्राने आंदोलनं केली, केंद्राच्या आधी स्वतःचा कायदा केला. पाहणाऱ्याकडे पाहण्याची आपली ती खिडकी होती. ती अरुंद झाली, आणि तीही आपल्या खासगीपणाचं नाव घेऊन.

हताश मात्र व्हायला नको. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचं ‘संचार साथी’ ॲप आधीच घालण्याचा दूरसंचार विभागाचा आदेश बाहेर आला. देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. विचारणारे पुरेसे असले की उत्तर मिळतं.

मग मागायचं काय? बाजारात काजू विकत घेताना तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. गिऱ्हाइकाने घरून वजनं आणावीत अशी अपेक्षा कुणी करत नाही. रेशन दुकानात साठ्याचा, दराचा, तक्रारीच्या क्रमांकाचा फलक लागतो. माहितीच्या व्यवहारालाही हाच न्याय लावा. जो माहिती घेतो त्याने ती खरी, सुरक्षित आणि गरजेपुरतीच घेतल्याचं सिद्ध करावं. तपासायची जबाबदारी काकींवर टाकू नये. सेवा केंद्राच्या भिंतीवर स्वच्छ मराठीत फलक असावा: तुमची माहिती कोण घेतंय, कशासाठी, किती दिवस ठेवणार आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावी कुणाकडे जायचं. ॲपमधला चॅटबॉट नको, हाडामांसाचा माणूस हवा.

त्या दिवशी निघताना काकींनी त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारला होता. “हे सगळं जातं कुणाकडे?” मुलगा थांबला, पडद्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक नव्हतं. मलाही सांगता आलं नाही. जोवर या प्रश्नाचं उत्तर त्या भिंतीवर लिहिलेलं नाही, तोवर आपल्यावरची ही नजर राखणदाराची आहे असं मी मानणार नाही.