पोटशूळ आणि पातक

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशूळाने गांजलेल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. अन्न पोटात गेले की प्राणांतिक कळा सुरू व्हायच्या, म्हणून पंधरा-पंधरा दिवस, महिना-महिना उपाशी राहणारा आणि अखेरीस जगण्याचा वीट येऊन पोटाला धोंडे बांधून गोदावरीच्या पात्रात शिरलेला हा मनुष्य, श्रीगुरू नृसिंहसरस्वतींसमोर आणला गेल्यावर आपल्या दुःखाची जी कैफियत देतो, ती मला नेहमीच विचारात पाडते. पोटात काय होते ते तो थोडक्यात सांगतो. परंतु पूर्वजन्मी आपण कोणाचे अन्न हिरावले असेल, कोणत्या गाईच्या तोंडचा घास काढला असेल, कोणाचा विश्वासघात केला असेल, याचा पाढा मात्र मन लावून वाचतो. फिर्यादीही तोच, आरोपीही तोच. आणि शिक्षा फर्मावून तिची अंमलबजावणी करायलाही तोच नदीत उतरलेला.

रोगाचे कारण शोधता शोधता रोग्याचा अपराध शोधू लागणे, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सोने चोरणाऱ्याची नखे कुजतात, मद्यप्याचे दात काळे पडतात आणि ब्रह्मघ्नाला क्षय होतो, असा रोग आणि पातके यांचा ताळेबंद मांडलेला आहे. आणि पुढे कर्मविपाकाच्या ग्रंथांनी तर या ताळेबंदाची दप्तरेच्या दप्तरे भरली. त्याला भाबडेपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु हसणाऱ्या विसाव्या शतकाने स्वतः काय केले, हे पाहू गेल्यास ते हसू ओठांवरच थिजते.

आमच्या काकांना जठरव्रणाचा विकार होता. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात चिमणीची वात मोठी केल्याचा उजेड दिसे, मग पितळेच्या वाटीत खायचा सोडा पाण्यात पडल्याची चुरचुर ऐकू येई, आणि त्यानंतर बराच वेळ काका पोटाशी उशी घट्ट धरून भिंतीला टेकून बसलेले असत. त्यांच्या दुखण्याविषयी घरात मतभेद नव्हता: “भावजींचा स्वभावच मुळी संतापी, पोट जळायचे नाही तर काय?” डॉक्टरांनी या घरगुती निकालावर शास्त्राचा शिक्का मारला; “हरी, वरी आणि करी”, म्हणजे धावपळ, काळजी आणि तिखटजाळ, ही व्रणाची तीन कारणे त्यांनी सांगितली, आणि आमच्या गरीब काकांना वेदनेच्या जोडीला एक चारित्र्याचा दाखलाही फुकट मिळाला. काका खरोखरच चिडखोर होते. पण जो माणूस वर्षानुवर्षे रात्री झोपत नाही तो चिडखोर का असतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

हा केवळ आमच्या घरचा अडाणीपणा नव्हता. झाग्रेबच्या कार्ल श्वार्त्सने 1910 साली “आम्ल नाही तर व्रण नाही” असे सूत्र घातले, ते निर्विवाद वेदवाक्य होऊन बसले; शिकागोच्या सिप्पीने तासातासाला दूध आणि साय पाजण्याचे पथ्य घालून दिले; आणि त्याच शहरातील फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने मातेच्या मायेची अतृप्त भूक हीच पोटात व्रणरूपाने प्रकट होते, असे प्रतिपादन केले. पूर्वजन्मीचे पातक गेले आणि त्याच्या जागी बालपणीची वासना आली. आरोपपत्राची भाषा बदलली, आरोपी मात्र तोच राहिला.

1979 साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला पर्थच्या शासकीय रुग्णालयात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली, सुजलेल्या जठराच्या अस्तरावर, एक बारीक निळसर रेघ दिसली. चांदीच्या क्षाराने रंगवून पाहता ती असंख्य वाकड्या जंतूंची रांग ठरली. जठरातल्या तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाहीत हे पाठ्यपुस्तकाचे आप्तवाक्य असल्याने, प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारी वस्तूही सहकाऱ्यांना दिसेना; शब्दप्रमाण प्रत्यक्षावर मात करते ते असे. दोन वर्षांनी बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर वॉरनला येऊन मिळाला. जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचे त्यांचे प्रयत्न तीसहून अधिक रुग्णांच्या बाबतीत फसले, कारण दोन दिवसांत काही न उगवल्यास बशा टाकून द्यावयाच्या, असा तेथला शिरस्ता होता. आणि 1982 च्या एप्रिलात ईस्टरच्या सुट्टीमुळे एक बशी उबदार पेटीत पाच दिवस विसरून राहिली, तेव्हा तिच्यावर त्या हट्टी जंतूची पारदर्शक वसाहत उगवलेली आढळली. ज्या जंतूला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले, तो हाच. आम्लाच्या कुंडात तो जगतो कसा, याचेही उत्तर सुंदर आहे: यूरिएज नावाच्या विकराच्या साहाय्याने तो यूरियाचा अमोनिया करतो आणि त्या क्षाराचे कवच पांघरून श्लेष्मल थरात तळ ठोकतो.

परंतु जंतू सापडला म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. आमच्या नैयायिकांनी या संदर्भात एक मार्मिक दृष्टान्त दिला आहे. कुंभाराच्या घरी घट तयार होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव हजर असते. म्हणून काही गाढव हे घटाचे कारण ठरत नाही, ते “अन्यथासिद्ध” होय, कारण माती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली असती तरी घट झालाच असता. विरोधकांचे म्हणणे नेमके हेच होते: आधीच बिघडलेल्या जठरात हे जंतू मागाहून शिरकाव करून घेतात, ते गाढव आहेत, कुंभार नव्हेत. या आक्षेपाची रुजुवात घालण्यासाठी निरोगी जठरात जंतू घालून पाहणे आवश्यक होते, आणि प्राण्यांवरचे प्रयोग यशस्वी होईनात.

तेव्हा 1984 साली मार्शलने आपल्या जठराचे अस्तर तपासून ते निरोगी असल्याची खात्री करून घेतली, आणि एका रुग्णाच्या जठरातून वाढवलेल्या जंतूंचे गढूळ पाणी स्वतः प्राशन केले. पत्नीलाही त्याने आधी सांगितले नव्हते. काही दिवसांत पोट फुगू लागले, सकाळी वांत्या होऊ लागल्या, तोंडाला दुर्गंधी आली. आणि दहाव्या दिवशी नळी घालून काढलेल्या तुकड्यात दाहही दिसला, जंतूही दिसले. येथे एक गोष्ट काटेकोरपणे नोंदवली पाहिजे: मार्शलला व्रण झाला नाही, जठरदाह झाला. सिद्ध झाले ते एवढेच की हे गाढव घटाच्या घडणीत हात घालते. उरलेला अर्धा पुरावा उपचाराने दिला. आम्ल दाबणारी औषधे थांबवली की बहुतेकांचे व्रण वर्षभरात परत येत, आणि जंतूचे उच्चाटन केलेल्यांना ते क्वचितच परत येत. जंतू असता रोग आणि जंतू नसता रोगाचा अभाव, असा अन्वय-व्यतिरेक जुळला. 1994 साली या जंतूची गणना जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत झाली, आणि 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. काकांचा स्वभाव निर्दोष सुटला. मात्र निकाल ऐकायला ते हयात नव्हते.

येथे लेख संपवता आला असता, परंतु मग तो पुन्हा एक आप्तवाक्य झाला असता. हा जंतू जगातील सुमारे निम्म्या माणसांच्या जठरात वस्तीला असल्याचे मानले जात आले आहे, आणि त्यांतील दहांपैकी एका-दोघांनाच व्रण होतो. उलट अंगदुखीच्या गोळ्यांनी जंतूवाचूनही व्रण होतात. म्हणजे जंतू हे कारण आहे, पण न्यायाच्या परिभाषेत संपूर्ण कारणसामग्री नाही. त्याला जंतूची जात, यजमानाची प्रकृती, तंबाखू असे सहकारी लागतात. सुमारे 60 हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या माणसाबरोबर निघालेला हा प्रवासी बहुतेकांच्या पोटी निमूटपणे नांदतो आणि एखाद्याच्याच पोटाला भोक पाडतो. “मलाच का?” या गोदातीरावरच्या प्रश्नाला सूक्ष्मदर्शक अजूनही पुरते उत्तर देत नाही. त्याने एवढेच केले की त्या प्रश्नाच्या उत्तरात “तू पापी म्हणून” असे लिहिण्याचा अधिकार काढून घेतला.

मग कर्माला काही जागाच उरली नाही काय? मला वाटते, उरली. पण तिचे स्थान हलले. हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या घरात, जवळच्या माणसांकडून. ज्या वयात मूल पापही करू शकत नाही आणि पुण्यही, त्या वयात. अशा मुलाच्या पोटी हे संचित टाकणारे कर्म त्याचे नसून, स्वच्छ पाणी आणि पुरेसा निवारा न पुरवणाऱ्या साऱ्या समाजाचे असते. आणि व्यक्तीकडे जे उरते ते क्रियमाण. आम्लरोधक आणि दोन-तीन प्रतिजैविके यांचा चौदा दिवसांचा क्रम सांगितला असता, पाचव्या दिवशी पोट शांत झाले म्हणून जो गोळ्या सोडतो, त्याच्या पोटात चिवट जंतू शिल्लक राहून औषधाला दाद देईनासे होतात, आणि त्याचे फळ कदाचित त्याचा शेजारी भोगतो. पूर्वजन्मीच्या हिशेबापेक्षा या चौदा दिवसांचा हिशेब नीतीच्या दृष्टीने अधिक खरा आहे, कारण तो आपल्या हाती आहे.

त्या ब्राह्मणाच्या कथेचा शेवट मला आता निराळा वाटू लागला आहे. नृसिंहसरस्वती त्याने वाचलेल्या पातकांच्या यादीची छाननी करीत बसत नाहीत. ते सायंदेव नावाच्या गृहस्थाला म्हणतात, याला घरी नेऊन जेवू घाल. सायंदेव घाबरतो, अन्नानेच ज्याचा प्राण जायचा त्याला अन्न वाढले तर ब्रह्महत्या आपल्या माथी बसेल, ही त्याची भीती शास्त्रशुद्ध होती. तरीही पान वाढले जाते, तो जेवतो, आणि त्याचे दुखणे थांबते. श्रद्धावंतांनी त्यात चमत्कार पाहावा, त्याला माझी हरकत नाही. मला त्यात एक क्रम दिसतो: दारी आलेल्याचे पोट आधी, त्याच्या पातकांची चौकशी मागून, आणि पोट शांत झाल्यावर त्या चौकशीची फारशी गरज उरत नाही. आमच्या घरी हा क्रम उलटा लागला होता. रात्री दोन वाजता ती वाटी काकांनी स्वतःच भरून घेतली. उठून त्यांना ती भरून द्यावी, हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही, कारण आमचा निकाल आधीच लागून चुकला होता.